चित्रावरून गाणं ओळखताना

या खेळात पहिल्यांदाच उतरतोयस ना, मग चित्र बघून प्रसंग आठवत बसू नकोस. दिसेल त्या वस्तूचं नाव मोठ्यानं घे. ऐरण आणि शेजारी देव दिसला की डोक्यात लोहार, पूजा असलं काहीबाही येतं आणि गाडी अडते. नुसतं 'ऐरण... देव...' म्हण, 'ऐरणीच्या देवा तुला' आपोआप ओठांवर येईल. प्रत्यय चित्रात नसतात, ते आपण लावायचे. चंद्रावर अडलास तर चांदोबा, चांदणं म्हणून बघ.

पुढं चित्रपटही विचारतात. 'ऐरणीच्या देवा' हे 'साधी माणसं'मधलं, १९६५चं. संगीतकार आनंदघन म्हणजे खुद्द लताबाई.

आणि सोलापुरात खेळतोयस, तर शाहीर राम जोशी यायलाच हवेत, आपल्या गावचे ते! नटलेली बाई आणि हृदय दिसलं, तर आधी त्यांची लावणी 'सुंदरा मनामध्ये भरली' म्हणून बघ.