म्हातारा बोका आणू का मॅडम, की परत तेच सगळं?

घरातला प्राणी गेला म्हणून सरळ समुपदेशकाकडे येणारे लोक कमीच, बहुतेक जण दुसरंच काहीतरी कारण सांगून येतात. झोप लागत नाही, चिडचिड होते, कामात लक्ष नाही असं काहीतरी. आणि मग दोन-तीन भेटींनंतर खरी गोष्ट बाहेर येते, तीही मान खाली घालून, जणू काही गुन्हाच कबूल करतोय. म्हणून ही केस लिहितेय. त्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ, घरी बायको आणि कॉलेजला जाणारी मुलगी. तक्रार एकच, रात्री बरोबर तीनला जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. पहिल्या दोन भेटी आम्ही ऑफिसचं टेन्शन, मोबाईल, रात्रीचा चहा यातच घालवल्या. तिसऱ्या वेळी मी सहज विचारलं, जाग आल्यावर सगळ्यात आधी काय करता?

"किचनमध्ये जातो."

"पाणी प्यायला?"

"नाही. वाटी बघायला."

आणि मग ते जे गप्प झाले ते बराच वेळ. मीही काही बोलले नाही.

वाटी होती ठमीची. ठमी म्हणजे त्यांची मांजर, सोळा वर्षांची होऊन गेली, किडनी गेल्या होत्या. शेवटचे पाच महिने हे रोज तिला घरीच कातडीखाली सलाईन देत होते, डॉक्टरांनी शिकवलं होतं, मानेमागची कातडी उचलून सुई टोचायची आणि पिशवी संपेपर्यंत तिला मांडीवर धरून बसायचं. रात्री तीनच्या सुमाराला ती पाणी प्यायला उठायची आणि हे पण उठायचे, किती प्यायली बघायला. ती जाऊन चार महिने झाले होते, शरीर मात्र अजून ड्युटीवरच होतं.

ऑफिसमध्ये त्यांनी रजा घेताना ताप आलाय असं सांगितलं होतं. एकाला खरं सांगितलं तर तो म्हणाला, मांजरच होतं ना, दुसरं आण. तो माणूस वाईट नाही हो, त्याला खरंच वाटलं की आपण उपाय सांगतोय. केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाला एक नाव दिलं, मराठीत मी त्याला मान्यता नसलेलं दुःख म्हणते, म्हणजे ज्याच्यासाठी कोणी भेटायला येत नाही, कोणी विचारत नाही, आणि रडलात तर तुम्हालाच ओशाळल्यासारखं होतं. दुःख तेवढंच असतं, फक्त ते ठेवायला जागा नसते. मग ते रात्री तीनला किचनमध्ये जातं.

पण नुसतं दुःख असतं तर एकवेळ ठीक होतं, त्याच्याखाली अपराधीपणा होता. ठमी जास्त पाणी प्यायला लागली तेव्हा हे खूश झाले होते, बरंय पाणी पिते, अंगाला चांगलं. आजाराचं लक्षण आहे हे कळलंच नाही. "मी बघत होतो मॅडम, रोज बघत होतो आणि मला दिसलं नाही." मी त्यांना नाही नाही, तुमची काही चूक नाही असं म्हटलं नाही, कारण ते ऐकून कोणाचाच अपराधीपणा जात नाही असा माझा अनुभव आहे. मी म्हटलं, हा प्रश्न तुमच्या डॉक्टरांना जसाच्या तसा विचारा. त्यांनी विचारला. डॉक्टरांनी सांगितलं की मांजरीची तहान वाढलेली दिसते तोपर्यंत साधारण दोन-तृतीयांश किडनीचं काम आधीच गेलेलं असतं, आणि मांजरं आजार लपवण्यात इतकी पक्की असतात की त्याच्या आधी घरच्यांना बाहेरून काही कळणं जवळपास अशक्य. हे ऐकून ते घरी गेले आणि त्या रात्री बायकोसमोर पहिल्यांदा रडले. जाग येणं थांबलं नाही, पण परत झोप लागायला लागली.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मला बरेच लोक विचारतात. मुलीला बाबांचं बघवत नव्हतं, तिने पिल्लू आणूया असा धोशा लावला. ह्यांना पिल्लू नको होतं. पण एका शेल्टरमध्ये मुलीबरोबर गेले तेव्हा तिथे कोपऱ्यात एक बोका दिसला, अकरा वर्षांचा, गोट्या नावाचा, ज्यांचा होता त्या आजी गेल्या आणि घरात ठेवायला कोणी तयार नाही. हे परत आले ते दोन प्रश्न घेऊन. "ठमीशी बेइमानी होईल का? आणि अकरा वर्षांचा म्हणजे हा पण जाणार, परत तेच सगळं, मला झेपेल का?"

पहिल्या प्रश्नाला मी उलटा प्रश्न विचारला, गोट्या आला तर ठमीचं नक्की काय कमी होईल? ते विचार करून म्हणाले, तिची जागा. कुठली जागा? तर पलंगाच्या पायथ्याची घडी केलेली चादर. मग ती चादर तशीच ठेवा ना, धुऊन, कपाटात. त्याला नवीन द्या. वाटी पण नवीन. हे दिसायला अगदी किरकोळ आहे पण खूप लोकांची गाठ इथेच सुटते, कारण आधीच्या जनावराच्या वस्तूंवर नवीन जनावर बसलेलं बघवत नाही आणि तो राग मग त्या बिचाऱ्या नवीन जिवावर निघतो. पूर्वी दुःख म्हणजे गेलेल्याला सोडून पुढे जायचं असं शिकवायचे, आता नातं राहतं, त्याचं रूप बदलतं असंच आम्ही मानतो. आधी ठमीला विसरेन, मग दुसरं आणेन, अशी वाट बघत बसलात तर ते कधी होणारच नाही, आणि होऊही नये.

दुसऱ्या प्रश्नाला मी खोटा धीर दिला नाही. हो, जाणार. दहाच्या पुढच्या मांजराला डॉक्टर सीनियरच धरतात. नीट घरात सांभाळलेली मांजरं पंधरा-सोळापर्यंत आणि त्याच्याही पुढे जगतात, तेव्हा चार-पाच वर्षं सहज मिळू शकतात किंवा एकच मिळेल, हे कोणीच लिहून देणार नाही. मी म्हटलं, तो जाईल का हे विचारू नका, ते माहितीच आहे, तो आजारी पडला तर त्याच्याजवळ बसायची ताकद आज आहे का ते विचारा. आणि नसेल तर नाही म्हणा, त्यात काही वाईट नाही. त्यांनी दोन आठवडे मागून घेतले. मला ते फार आवडलं, कारण घाईत "हो" म्हणणारे लोक रडू थांबावं म्हणून आणतात, आणि रडू थांबलं नाही की महिन्याभरात परत नेऊन ठेवतात. माझं स्पष्ट मत आहे, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही अशी अवस्था असेल तर आधी स्वतःसाठी मदत घ्या, मांजर नंतर. घरातल्या एकाचाही ठाम विरोध असेल तरी थांबा. आणि मन धड हो पण म्हणत नसेल नाही पण म्हणत नसेल तर शेल्टरला विचारून थोडे दिवस फक्त सांभाळायला आणता येतं, तो मधला रस्ता लोकांना सुचतच नाही.

गोट्या आला. आणण्याआधी रक्त, लघवी, बीपी, दात, थायरॉइड सगळं तपासून घेतलं, शेल्टरमधलंच खाणं चालू ठेवलं, त्याचं अंथरूण वासासकट उचलून आणलं, एका खोलीत ठेवलं, शी-शूचा ट्रे (लिटर ट्रे) कमी काठाचा घेतला कारण या वयात सांधे दुखतात आणि उंच काठ ओलांडायचा कंटाळा आला की मांजर बाहेरच करतं. आणि गोट्या पलंगाखाली गेला तो नऊ दिवस तिथेच. रात्री येऊन खायचा, एवढंच. (नवीन मांजर लपलं तर काळजी नको, पण पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर लगेच डॉक्टरांना फोन करा, उपाशी मांजराच्या लिव्हरमध्ये चरबी साठते आणि ते जिवावर बेतू शकतं.) हे रोज संध्याकाळी जमिनीवर बसून पेपर वाचायचे, त्याच्याकडे न बघता. दहाव्या दिवशी पेपरच्या खालून एक पंजा आला. त्यांनी सावकाश डोळे मिटून उघडले, त्याने पण मिटले.

इथे माझी एक चूक सांगते. मी प्रत्येक भेटीत विचारत होते, मांडीवर येतो का? मला वाटायचं मी प्रगती बघतेय. एक दिवस ते म्हणाले, "मॅडम, ठमी यायची. हा नाही येत. तुम्ही विचारलं की मला वाटतं हा नापास झाला." मला एकदम जाणवलं की तुलना मीच त्यांच्या डोक्यात घालत होते. त्यांची माफी मागितली आणि तेव्हापासून मी फक्त एवढंच विचारते, या आठवड्यात गोट्याबद्दल नवीन काय कळलं? मग गोष्टी यायला लागल्या, की त्याला दार बंद केलेलं चालत नाही, की वॉशिंग मशीन सुरू झालं की तो समोर जाऊन बसतो, की आजींना बहुतेक रेडिओ लागत असावा कारण बातम्यांचा आवाज आला की येतो. दोन दुखावलेले जीव एकमेकांना सावरतात वगैरे जे बोललं जातं ना, त्याच्यापासून मी लोकांना जरा लांबच ठेवते. त्या बोक्यावर ओझं कशाला टाकायचं. त्याला ऊब हवी, वेळेवर खाणं हवं आणि दार उघडं हवं.

तिसऱ्या महिन्यात मुलीचा मला मेसेज, बाबा परत तीनला उठतायत. भेटीत ते एक वही घेऊन आले. गोट्याच्या वाटीवर मार्कर पेनने रेघा मारल्या होत्या आणि दर चार तासांनी पाणी किती कमी झालं ते वहीत लिहिलं होतं, पानंच्या पानं. मी वही बंद कर म्हटलं नाही. भीती खरी होती, फक्त तिला वेळापत्रक नव्हतं. डॉक्टरांशी बोलून आम्ही ठरवलं, आठवड्यातून एकच दिवस, रविवारी, पूर्ण चोवीस तासांचं पाणी मोजायचं. किलोमागे शंभर मिलीच्या वर, म्हणजे गोट्याच्या चार किलोला चारशेच्या वर गेलं किंवा नेहमीपेक्षा हळूहळू वाढत चाललं तर फोन करायचा. महिन्यातून एकदा वजन, दर सहा महिन्यांनी तपासणी. बाकी सहा दिवस ती वाटी म्हणजे फक्त वाटी. पहिले तीन आठवडे त्यांना हे फार जड गेलं, एकदा बुधवारी मोजलं आणि मला स्वतःहून येऊन सांगितलं. त्याच सुमाराला एकदा त्यांनी गोट्याला "ठमे" अशी हाक मारली आणि तिथेच खाली बसून रडले. गोट्या आला, वास घेतला, गेला. ते सांगताना म्हणाले, तो आला म्हणून नाही पण तो गेला तेव्हा बरं वाटलं, त्याचं त्याला काहीतरी काम होतं.

मागच्या महिन्यात त्यांनी भेट पुढे ढकलली, गोट्याची सहामाही तपासणी होती. नंतर आले तेव्हा रिपोर्ट घेऊनच आले. किडनीचे आकडे थोडे वर, अगदी सुरुवात आहे, औषध नाही, फक्त खाणं हळूहळू आठ-दहा दिवसांत बदलायचं आणि तीन महिन्यांनी परत बघायचं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. डोळे भरले होते, पण बोलत होते ते नवीन खाणं जुन्यात किती मिसळायचं याबद्दल, गोट्या ते बाजूला काढून ठेवतो याबद्दल. झोपेचं विचारलं तर म्हणाले, तपासणीच्या आदल्या रात्री लागली नाही, नंतर लागली.

निघताना दारात थांबले.

"ठमीचं सलाईनचं स्टँड अजून माळ्यावर आहे मॅडम."

"आत्ता त्याची गरज नाही म्हणालेत ना डॉक्टर?"

"नाही नाही, आत्ता नाही. पुसून ठेवलंय फक्त."