कुटुंब न्यायालयातलं पहिलं वर्ष, नागपूर

कुटुंब न्यायालयात वकिली सुरू केल्याबद्दल अभिनंदन! अपिलं, परदेशी न्यायालयांचे हुकूमनामे सध्या राहू द्या; आधी रोजची कामं पक्की करा.

वकीलपत्रासोबत हजर राहण्याच्या परवानगीचा अर्ज जोडा. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १३ नुसार इथे वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही.

पोटगीत खरी लढाई कागदांची. सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालामुळे मालमत्ता-देण्यांचं शपथपत्र दोघांनाही द्यावं लागतं. आधी पगारपत्रकं, खातेउतारे, आयकर विवरणपत्रं गोळा करा, मगच आकडे भरा. नवखे वकील अशिलाच्या तोंडी हिशेबावर विसंबतात. उलटतपासणीत खातेउतारा निघतो आणि सगळी साक्षच डळमळते. (फुगवलेला घरखर्च तर न्यायाधीशांना लांबूनच दिसतो.)

पोटगीच्या अर्जात जुन्या मसुद्यातलं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ तसंच उतरवू नका. १ जुलै २०२४ पासून त्याऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ लागू आहे.

समुपदेशकासमोर अशिलालाच बोलू द्या.