जुनी स्पोर्ट्स कार घेतलीय, आधी कोणी काय दुरुस्त केलंय काहीच माहीत नाही, कागदही नाहीत. रिस्टोरेशन कुठून सुरू करू?

काहीही सुटं करू नका. निदान लगेच तरी नाही. लोक सांगतील की आधी नटबोल्टपर्यंत उघडा, सँडब्लास्ट मारा, मग बघू. त्यांना फक्त एवढंच विचारा की तुमची उघडलेली गाडी परत जोडून रस्त्यावर आली का.

माझ्याकडं स्टँडर्ड हेराल्ड आहे. आता म्हणाल ही कुठली स्पोर्ट्स कार, तर ब्रिटनच्या ट्रायम्फनं १९६२ ला स्पिटफायर काढली ती याच हेराल्डची चासी आखूड करून, पुढचं सस्पेन्शन तेच, डिझाइन दोन्हीचं इटालियन मिकेलोत्तीचं, हेराल्ड आपल्याकडं १९६१ पासून मद्रासला बनायला लागली म्हणून तिला लगेच ॲम्बेसिडरच्या रांगेत बसवायचं कारण नाही. असो.

मी घेतली कोरेगावच्या एका घरातून, आरसी बुक सोडलं तर कागद शून्य, म्हणजे तुमच्यासारखंच. मी काय केलं तर टॉर्च घेऊन नुसता गाडीखाली झोपायचो आणि वहीत लिहायचो. या गाड्यांना सगळे इंची नट. अर्धा इंच म्हणजे १२.७ एमएम, तिथं तेराचा पाना लावला की घसरतो आणि कडा गोल होतात. मग जिथं कडा गोल झाल्यात तिथं कोणीतरी हात घातलाय, जिथं नट जुन्या रंगासकट तसाच आहे तिथं नाही. जिथं इंची भोकात एमएमचा बोल्ट ठोकून बसवलाय तिथं घाईत आणि स्वस्तात काम झालंय. माझ्या गाडीत हेडलाइटला चक्क घरातल्या लाइट फिटिंगची वायर निघाली आणि मॅटखाली पत्र्याऐवजी डांबर. लोहचुंबक रुमालात गुंडाळून बॉडीवर फिरवला तर दरवाज्याच्या खालच्या बाजूला कुठं चिकटेचना, सगळी लांबी भरलेली. कागद नसले तरी दुरुस्त्यांचा इतिहास असा गाडीवरच सापडतो, आणि तुम्ही सगळं सुटं करून डिझेलनं धुतलं की तो गेला.

आता मुद्द्याचं. गणपतीत ताई आणि दाजी आले होते तासगावहून, म्हटलं चला गाडीतनं चक्कर मारू, आई पण बसली. साताऱ्यात मोती चौकातनं कंदी पेढे घेतले आणि गाडी वळवायला मी स्टिअरिंग पूर्ण कापलं, वेग म्हणाल तर बैलगाडीचा, आणि कटकन आवाज येऊन पुढचा डावा कोपरा खालीच बसला, चाक आडवं होऊन मडगार्डमध्ये घुसलं. गणपतीतली गर्दी, मागं रिक्षांचे हॉर्न, आणि दाजी पेढ्याचा पुडा हातात धरून उतरले ते भाषणच सुरू, की मी सांगत होतो, ही गाडी मुळातच पोकळ, भंगारात घाला, नाहीतर नटबोल्टपर्यंत खोलून घ्यायची होती. आईदेखत. चार पोरांनी कोपरा उचलून गाडी बाजूला घेतली तरी यांचं चालूच.

घरी आणून तुटलेला पार्ट काढला. पुढच्या चाकाला स्टीलचा एक उभा दांडा असतो, तो खाली पितळी ट्रनियनमध्ये आट्यांवर फिरतो, म्हणजे स्टिअरिंग वळवलं की तो चक्क स्क्रूसारखा फिरतो. त्यात ग्रीस चालत नाही, नव्वद नंबरचं गिअर ऑइल लागतं. कंपनीच्या मॅन्युअलात स्पष्ट आहे, ट्रनियनचा प्लग काढून तिथं तात्पुरतं निपल, म्हणजे वंगण भरायचं तोंड, लावायचं आणि ग्रीस गनमध्ये ऑइल भरून मारायचं. आता निपल दिसलं, गन दिसली, की आपला फिटर काय भरणार? ग्रीस. कित्येक वर्षं कोणीतरी इमानदारीनं ग्रीस मारत होता, ते आत सुकून मेणासारखं घट्ट, आट्यांपर्यंत वंगण पोचलंच नाही, पाणी मात्र पोचलं, आटे गंजले आणि दांडा तिथंच तुटला. यात गाडी कुठं पोकळ आहे? आणि हे फक्त हेराल्डचं नाही, ट्रायम्फच्या स्पिटफायर, जीटी सिक्स, विटेस सगळ्यांना पुढं हीच भानगड आहे, तुमची यातली असेल तर निपल दिसतंय का ते आजच बघा.

दाजींचं अजूनही म्हणणं की खोललं असतं तर सापडलं असतं. अहो काय सापडलं असतं? ज्याला तिथं ऑइल लागतं हे माहीत नाही तो खोलून, पुसून, नवं ग्रीस भरूनच परत जोडणार. म्हणून आधी मॅन्युअल मिळवा, गाडी जिथं बनली तिथलं, मग पाना. दाजींची स्वतःची फियाट बेदाण्याच्या शेडमध्ये पोत्यांत भरून पडलीय, कुठल्या पोत्यात काय हे त्यांनाही सांगता येत नाही, आणि गावभर रिस्टोरेशनचे सल्ले देत फिरतात.

बाकी कुठून सुरू करायचं ते थोडक्यात. बरीच वर्षं बंद असेल तर सेल्फ मारू नका, स्पार्क प्लग काढून भोकांतनं थोडं ऑइल सोडा, दोन दिवस मुरू द्या, मग पुलीला पाना लावून इंजिन हातानं फिरवा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम जुना असेल तर बदलाच, आत्ताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलनं जुनं रबर खराब होतं. बॅटरी जोडायच्या आधी अर्थिंग, म्हणजे बॅटरीची बॉडीला जोडलेली बाजू, पॉझिटिव्ह आहे का निगेटिव्ह ते बघा, जुन्या ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह असायच्या आणि मधे कोणी बदललेलं असू शकतं. क्लच दाबायला कोणाला तरी बसवा आणि पुढची पुली बघा, डोळ्याला दिसेल एवढी पुढं-मागं सरकली तर क्रँकला पुढं-मागं सरकू न देणारे थ्रस्ट वायसर गेलेत, इंजिन चालूच करू नका. ब्रेक सगळ्यात आधी, रंग सगळ्यात शेवटी. रंग आधी काढणारे लोक मी बघितलेत, त्यांना गाडी नको असते, फोटो पाहिजे असतो.

आणखी एक, इंजिन नंबर आरसीशी जुळतो का ते पैसे घालायच्या आधी बघा. आपल्याकडं मायलेजसाठी डिझेल इंजिन टाकलेल्या गाड्या चिक्कार. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, फी २०,००० रुपये, दहा वर्षं चालते, पण चासी, बॉडी, इंजिनात मोठे बदल झालेले नसावेत अशी अट आहे, आणि रोज ऑफिसला न्यायची परवानगी नाही.

हे सगळं वेगळी चासी असलेल्या गाडीचं सांगितलं. तुमची मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नसलेली, असेल तर फ्लोअर आणि सिल्स (दरवाज्याखालच्या पट्ट्या) गंजले म्हणजे गाडीचा कणाच गेला, तिथं माझा नुसतं बघत बसायचा सल्ला चालणार नाही, चांगला वेल्डर आधी गाठा. फायबर बॉडी असेल तर चुंबकाचा उपयोग नाही, टिचक्या मारून आवाज ऐका. आणि पुढची चाकं तेवढी रस्त्यावर काढायच्या आधी उघडून बघाच, इथं माझं नि दाजींचं एकमत आहे पण मी त्यांना ते सांगणार नाही.

गाडी कुठली, साल कुठलं हे तुम्ही लिहिलंच नाहीये. लिहा, आणि सीटखालच्या फ्लोअरचा फोटो टाका, मग बोलू.