राजीनामा थांबवा, आधी नाशिकला फोन लावा

लेस्टरच्या ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सोळा वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम, मग मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मज्जासंस्थेच्या आजाराचं निदान, आणि आता ‘तिसऱ्या केसपर्यंत बोटं बधिर होतात, सिरिंज हातात आहे का ते बघावं लागतं.’ ऑपरेशन थिएटर सोडायचं ठरवलंत, ते बरोबरच. मला राग आला तो पुढच्या ओळीचा: ‘मुलीच्या अभ्यासासाठी नोकरी सोडली असं सगळ्यांना सांगेन. आईला काही कळू देणार नाही.’

अहो, असं का करताय?

माझ्या धाकट्या दिराने हेच केलं. तीन वर्षं लपवलं. तोल जायचा, तर इथल्या गणपतीत कुजबुज झाली की हा हल्ली प्यायला लागलाय. सासूबाईंना कळलं ते मुंबईच्या विमानतळावर. त्याला स्वेटरचं बटण लागेना. त्यांनी काही न विचारता लावून दिलं आणि टॅक्सीत बसल्यावर एवढंच म्हणाल्या, ‘मी मेले होते का रे?’

त्याने राजीनाम्यातही ‘घरगुती कारण’ लिहिलं आणि कंपनीच्या आजारपणाच्या विम्याचा हक्क घालवला. तुम्ही तसं करू नका. ब्रिटनच्या 2010 च्या इक्वॅलिटी ॲक्टनुसार एमएस निदानाच्या दिवसापासूनच अपंगत्व धरलं जातं. कामाचे तास, रात्रपाळ्या, कामाचं स्वरूप यांत झेपतील असे बदल मागायचा हक्क तुम्हाला आहे. ऑपरेशनपूर्व तपासणीची ओपीडी, ज्युनिअरना शिकवणं, हे बसून होतं. तेही झेपलं नाही, तर एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, पेन्शनमध्ये आजारपणाची निवृत्ती आहे. पण नोकरीत असताना अर्ज केला तर जे मिळू शकतं, ते सोडून गेल्यावर तेवढं मिळत नाही. म्हणून आधी ऑक्युपेशनल हेल्थ (कर्मचाऱ्यांचं आरोग्य बघणारा विभाग), मग युनियन, आणि राजीनामा सगळ्यात शेवटी. सोळा वर्षं राबलात, हे मागायला लाज कसली?

नाशिकला कायमचं परतायचं म्हणता, तर आधी एक मे महिना तिथे काढून बघा. उकाड्याने एमएसची लक्षणं तात्पुरती का होईना, वाढतात. नणंदेच्या काढ्यासाठी न्यूरॉलॉजिस्टचं औषध बंद करायचं नाही. मुलीची मराठी शाळा चालू ठेवा.

रविवारी वहिनी घरी असतील ती वेळ बघून आईंना फोन लावा. त्या रडतील. रडू द्या, फोन ठेवू नका.