पणजीचं माहेरचं नाव

प्रिय यमू,

परवा शाळेचा फॉर्म भरताना तू विचारलंस, "आई, तू माझ्याएवढी असताना तुझं नाव यमुना असतं, तर तुला चाललं असतं?" मी म्हटलं, "हो, म्हणजे काय!" तू मान वर न करता म्हणालीस, "खोटं नको सांगू." आणि वर निघून गेलीस. मी खाली भांडी आवरत बसले आणि डाव दोनदा धुतला.

मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत लिहायला लागले की मी उगाचच फार समजूतदार होते. रविवारच्या मराठी शाळेच्या जोरावर तुला वाचता येईल. जोडाक्षर अडलं तर बाबाला विचार, मला नको, मी लाजेन.

तर खरं उत्तर: नसतं चाललं. तेरा वर्षांची असताना मला कुणी यमुना म्हटलं असतं तर मी रडून घर डोक्यावर घेतलं असतं. आमच्या वर्गात तीन स्वाती होत्या, त्यातली मी एक. शिवाय मनीषा, वैशाली, अश्विनी, रूपाली. बाईंनी "स्वाती" म्हणून हाक मारली की तिघी उठायच्या, आणि त्यात गंमत अशी की मला ते आवडायचं. आपण सगळ्यांसारखे आहोत, यात केवढी सोय असते ते तुला सांगायला नको. सातवीत एक मुलगी गावाहून तिच्या मावशीकडे शिकायला आली, सगुणा नावाची. हुशार होती, गणितात माझ्यापुढे. दहावीच्या फॉर्मवर तिनं नाव बदलून सुषमा करून आणलं. कुणी तिला का म्हणून विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? तेव्हाच्या सिनेमात मोलकरीण आली की ती गंगूबाई, आणि कॉलेजात सायकलवरून जाणारी ती नीता नाहीतर रीटा. नद्यांची नावं अशी हळूहळू स्वयंपाकघराच्या मागच्या दारी जाऊन बसली होती.

मग मी तुझं नाव यमुना का ठेवलं? इथे मला आजीबद्दल सांगावं लागेल. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी. तू तिला पाहिलंस ते व्हिडिओ कॉलवर, तिचं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसायचं.

पुण्याच्या घरी सगळे तिला आई म्हणायचे, माझे बाबाही आणि शेजारचेही. वाड्यातल्या बायका काकू म्हणायच्या. आजोबा "अगं ऐकलंस का" म्हणायचे, आणि ती त्यांना "अहो". रेशनकार्डावर तिचं नाव लक्ष्मी होतं, पण त्या नावानं तिला हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला की तेवढ्यापुरती ती लक्ष्मीबाई व्हायची, सही करायची आणि पुन्हा आई.

भाऊबीजेला मात्र वाईहून तिचा धाकटा भाऊ यायचा. सकाळच्या एसटीनं स्वारगेटला उतरून, खांद्यावर शेंगांची पिशवी घेऊन. दारातच चपला काढता काढता ओरडायचा, "यमे, आहेस का गं घरात?"

मी सात-आठ वर्षांची असेन. यमी कोण, असं वाटून मी इकडेतिकडे बघितलं. आणि आतून आजी आली, ओले हात पदराला पुसत, जवळजवळ पळत. ज्या बाईचा आवाज चढला की आजोबासुद्धा पेपर खाली ठेवायचे, तिला तो पाटावर बसल्या बसल्या म्हणाला, "यमे, चहा पांचट केलायस." आणि ती चिडली नाही. "तुझ्या बायकोला जमतो का तरी?" म्हणाली. मग दोघं दिवसभर भांडत बसले. वाईच्या घाटावरून कुणी कुणाला पाण्यात ढकललं होतं, कृष्णाबाईच्या उत्सवात कुणाची चप्पल हरवली, कुणामुळे मार बसला. आजीचे हेल बदलायचे, बोलणं भराभर व्हायचं. जेवताना तिला ठसका लागला तो हसताना. संध्याकाळी ओवाळून झालं, तो शेवटच्या गाडीनं गेला, आणि ती उठून पुन्हा आई झाली.

रात्री अंथरुणात मी विचारलं, यमी म्हणजे तू? तेव्हा तिनं लग्नाचं सांगितलं. आजोबांचं नाव विष्णू, म्हणून हिचं लक्ष्मी ठरलेलं. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. "मुंडावळ्या सारख्या डोळ्यांवर येत होत्या," ती म्हणाली, "मला काही वाचता आलं नाही. बायका लक्ष्मी, लक्ष्मी म्हणायला लागल्या, तेव्हा कळलं मी कोण झाले ते."

"मग त्या तांदळांचं काय केलं?"

"काय करणार? दुसऱ्या दिवशी भात."

वाईट वाटलं का, असंही विचारलं होतं मी. ती म्हणाली, सगळ्यांचंच बदलायचं, आणि वाईट वाटायला वेळ कुणाला होता, घरात चौदा माणसं जेवायला. एवढं बोलून ती घोरायला लागलीसुद्धा. म्हणजे यमू, तिचं नाव गेलं याचं दुःख तिला झालं होतं की मी नंतर, चार पुस्तकं वाचून, ते तिच्या नावावर लिहिलं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. भाऊबीजेला ती पळत यायची, एवढंच मी पाहिलेलं आहे. बाकीचं माझं.

माझ्या लग्नात गुरुजींनी विचारलं, नाव बदलायचं का? तुझी आजी म्हणाली, "राहू दे, स्वाती चांगलंय." झालं. मधलं नाव मात्र वडिलांचं जाऊन बाबाचं आलं, पासपोर्टसुद्धा नवा झाला, आणि त्याबद्दल मी कधी एक पत्र लिहिलं नाही. आणि तुझ्या मधल्या नावात बाबा आहे, याची तुझ्या मैत्रिणींना वाटते ती गंमत मला कधी सुचलीच नव्हती.

तू पोटात होतीस तेव्हा आमची यादी तयार होती. इथे उच्चारायला सोपी, दोन अक्षरांची नावं, कुठल्याही देशात खपतील अशी. एके रात्री मला ते "यमे" आठवलं आणि यादी संपली. बाबा म्हणाला, कृष्णेकाठच्या माणसांनी मुलींची नावं यमुना का ठेवावीत, तिथे ती नदी कुणी पाहिली होती? मुद्दा बरोबर होता. पण त्यालाही नाव आवडलं, हे तू लक्षात ठेव. सगळं खापर माझ्यावर नको.

माझ्या आजीला फोन केला. मला वाटलं, ती विरघळेल. ती म्हणाली, "अगं, नव्या मुलीला जुनेर कशाला नेसवतेस?" मी म्हटलं, बाळाला जुनेरातच गुंडाळतात ना, मऊ असतं म्हणून. क्षणभर ती गप्प बसली, मग म्हणाली, "तिकडे जाऊन बोलायला हुशार झालीस." तिनं हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. बारशाला इथे न्यू जर्सीत, एडिसन गावातल्या घरात पाळणा नव्हता, म्हणून बाबाच्या ऑफिसातल्या मित्राकडून आणलेल्या बासिनेटला झेंडूच्या माळा लावल्या. तुझी आत्या पुण्यात, तेव्हा तिनं फोनवरूनच "कुर्र" केलं आणि तो फोन मी तुझ्या कानाला लावला. तू शिंकलीस.

मागच्या ऑक्टोबरात आपण पोकिप्सीला गेलो होतो, आठवतं ना? तू गाडीत कंटाळली होतीस. तिथल्या दफनभूमीत आनंदीबाई जोशींचा दगड आहे. १८८३ मध्ये बोटीनं नवऱ्याशिवाय अमेरिकेत आलेली मुलगी, आपल्या घरापासून फार लांब नाही त्या रोझेलमध्ये कार्पेंटरबाईंकडे राहिलेली. १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाली, आणि पुढच्याच वर्षी पुण्यात गेली, २२ पूर्ण व्हायच्या आत. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे आली आणि त्यांच्या घरच्यांच्या शेजारी पुरली गेली. मी तुला म्हटलं, लग्नाआधी हिचं नाव यमुना होतं. नवव्या वर्षी लग्न झालं आणि आनंदी झाली. तू दगडाभोवती एक फेरी मारून आलीस आणि विचारलंस, "मग यमुना कुठे लिहिलंय?"

कुठेच नाही. पुण्यात सेवासदन चालवणाऱ्या रमाबाई रानडेसुद्धा माहेरच्या यमुनाच. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमू, १८७३ मध्ये रानड्यांच्या घरात आली आणि रमा झाली. किती यमुना अशा दुसऱ्याच नावानं मोठ्या झाल्या असतील! घरोघर होत्या. जिथं नाव राहिलं तिथं भावाच्या तोंडी राहिलं, फार तर आईच्या. त्या दिवशी परत येताना मला फार अभिमान वाटत होता, तुझ्या प्रश्नाचा आणि थोडा माझ्या निवडीचाही. म्हणून परवाचा प्रश्न जास्त लागला असावा.

कारण तुझ्या बाजूनं बघितलं तर काय आहे? बदली शिक्षिका हजेरी घेताना "यमी" म्हणते आणि मागच्या बाकावर कुणीतरी ओठ चाटल्याचा आवाज काढतं. पुण्यात गेलीस की चुलत बहिणी, कायरा आणि अनाया, तुला "काकूबाई" म्हणतात. म्हणजे इथे परकं आणि तिथे जुनाट, दोन्हीकडून मार. मी तुला सांगत आले, तुझ्या वर्गातल्या हेझल आणि एव्हलिन यांची नावंही त्यांच्या पणज्यांचीच आहेत, मधली काही दशकं फारसं कुणी ठेवत नव्हतं, आता परत आलीत. तू म्हणालीस, "हो, पण ती परत आलीत. माझं अजून वाटेत आहे." यावर मला उत्तर नाही. खरंच नाही. पुण्यात रमा परत आली, जानकी आली, राधा तर कधी गेलीच नव्हती. यमुना, भागीरथी, गोदावरी यांना अजून कुणी कडेवर घेत नाही. मला वाटायचं आपण सुरुवात करू. पण सुरुवात मी केली आणि ओझं उचलतेयस तू, हा हिशेब बारशाच्या दिवशी सुचत नाही.

आणि एक गोष्ट आहे, ती लिहू की नको असं झालंय. आजीचं नाव तिला न विचारता काढून घेतलं, म्हणून मी हळहळले. तुझं नाव तुला न विचारता ठेवलं, आणि पेढे वाटले. आता बाळाला विचारणार कसं, हे मलाही कळतं. सगळ्यांचीच नावं दुसऱ्या कुणाच्या तरी हौसेनं ठेवलेली असतात. स्वातीसुद्धा माझ्या आत्याला कुठल्याशा मालिकेत आवडलं म्हणून. पण तुझ्या नावात हौसेशिवाय माझं जरा जास्त काही होतं. आजीला जे परत देता आलं नाही ते तुझ्यामार्फत देऊन टाकू, असं काहीतरी. दोघींपैकी कुणीच ते मागितलं नव्हतं.

तरीही सांगू? जिन्याखालून "यमेऽ, जेवायला चल" अशी हाक मारताना मला अजून बरं वाटतं. तू "येतेऽ" म्हणून ओरडतेस, वैतागून, आणि तुझ्या त्या वैतागात वाईचा हेल आहे असं मला वाटतं. बाबा म्हणतो, तो हेल न्यू जर्सीचा आहे.

तर आता कामाचं. शाळेत 'या नावाने हाक मारा' असा रकाना असतो, तिथे तू इंग्रजी वळणाचं 'जूनी' लिही, 'जून' लिही, मधलं कुठलंही तुला बरं वाटेल ते लिही. मी फोनवर शाळेशी बोलताना तेच नाव घेईन. चुकले तर सांग, पण सगळ्यांसमोर नको. अठराची झालीस की कोर्टात जाऊन कायमचं बदलायचं असेल तर तेही तुझं तू ठरव, मी गाडी चालवत नेईन आणि वाटेत एक शब्द बोलणार नाही. बरं, थोडं बोलेन.

एक सवलत फक्त वाईच्या आजोबांना दे. तोच भाऊ, शेंगांवाला, आता ऐंशीच्या पुढे आहे. तुझा जन्म झाला तेव्हा त्यांनी फोन करून विचारलं होतं, "यमी दूध नीट पिते का?" आणि मला एक सेकंद कळेना कुठली यमी. ते दिवाळीत फोन करतील तेव्हा नव्या नावाचं त्यांना काही सांगत बसू नकोस. एक तर त्यांना ऐकू येत नाही, आणि आलं तरी ते ऐकणार नाहीत.

तुझी,
आई

ता. क. डब्यात चकल्या आहेत. बाबाला सांगू नकोस.