पॅनिक अटॅक नव्याने येऊ लागले असतील तर

कारण सापडत नाही, म्हणून स्वतःला दोष देऊ नका. मला अचानक दाटून येणाऱ्या तीव्र भीतीचा असा पहिला झटका बाविसाव्या वर्षी, दादरहून सुटलेल्या लोकलमध्ये, काहीही बिनसलेले नसताना आला होता.

प्रथम डॉक्टरांकडून ईसीजी, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. सर्व ठीक निघाल्यावर मात्र पुन्हापुन्हा ईसीजी काढत बसू नये. ती चूक मी सहा महिने केली.

झटका साधारणतः १० मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो, म्हणून त्याच्याशी झुंजण्यापेक्षा, श्वास घेण्यास लागतो त्याहून अधिक वेळ तो सोडण्यास देत, शक्यतो आहात तिथेच थांबावे. घाईघाईने खोल श्वास घेतल्यास बोटांना मुंग्या येतात, गरगरते आणि भीती आणखी वाढते.

सर्वांत महागात पडते ते टाळणे: आज लोकल, उद्या चित्रपटगृह, परवा घरचे लग्नकार्य, असे करत जग आक्रसत जाते. चहा-कॉफी कमी करावी (मला हेच सर्वांत जड गेले). झटके वारंवार येत असल्यास मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. सीबीटी या, बोलण्यातून विचार व वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारपद्धतीचा अनेकांना चांगला उपयोग होतो. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतही बोलता येते. औषधांच्या नावांचा शोध तूर्त घेऊ नका.