मोहल्ल्यात तणाव असताना जुम्म्याची नमाज घरी पढली तर चालते का?
चालते, पण घरी जुम्मा नव्हे, जुहर, म्हणजे रोजची दुपारची नमाज, पढायची: दोनऐवजी चार रकात (नमाजेची आवर्तनं) फर्ज, म्हणजे बंधनकारक. रस्त्यात मारहाणीची खरी भीती हा चारही मजहबांत (सुन्नी फिक्हच्या, म्हणजे धर्मनियमांच्या, हनफी-शाफईसारख्या परंपरांत) मान्य असलेला उज्र, म्हणजे वैध सबब, आहे, गुनाह लागत नाही. मशिदीतला जुम्मा आटोपेपर्यंत थांबून मग पढलेलं उत्तम. घोळ होतो तो जमातीवरून, म्हणजे इमामामागे एकत्र नमाज पढण्यावरून. हनफी रीतीत शहरात त्या दिवशी अशी जुहर एकेकट्यानेच पढतात. ठाणे-पनवेलकडचे कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, ते घरात जमात करू शकतात. मात्र व्हॉट्सॲपवर फिरणारी अफवा म्हणजे उज्र नव्हे, आधी मशिदीत फोन करून विचारा. कुणी प्रत्यक्ष धमकावलं असेल तर ११२ लावा. एफआयआर नोंदवला तर त्याची प्रत मोफत मिळते, मागून घ्याच.